मूर्ती आणि पुतळा

दिवाळी चार दिवसांवर आली, म्हणजे आपल्याकडे घरोघरचे देव देव्हाऱ्यातून खाली उतरतात. मोठ्या परातीत रांगता बाळकृष्ण, हाती पळी घेतलेली अन्नपूर्णा, घंटा, निरांजने, समया अशी सारी मंडळी दाटीवाटीने बसतात आणि चिंचेच्या कोळाने व राखेने त्यांना अभ्यंग घडते. आजेसासूने माहेराहून आणलेली अन्नपूर्णा झिजून नाकडोळे हरवून बसलेली असते. नव्या सुनेची अन्नपूर्णा अजून ठसठशीत असते. दोघी एकाच परातीत शेजारी शेजारी बसून उजळून निघतात.

या वेळी घरात कुणी असे म्हणून पाहावे की, 'आज पुतळे घासायला काढले आहेत.' वडीलधारी माणसे रागावल्यावाचून राहणार नाहीत! उलट गावच्या चौकात उभ्या असलेल्या एखाद्या पुढाऱ्याच्या धातुप्रतिमेला आपण मूर्ती म्हणत नाही. तो पुतळा. धातू तोच, ओतण्याची विद्या तीच; पण आपल्या भाषेने दोहोंमध्ये स्वच्छ रेघ ओढून ठेवली आहे. मूर्तीची प्रतिष्ठापना होते, पुतळ्याचे अनावरण होते. मूर्तीला रोज स्नान व नैवेद्य, पुतळ्याला जयंती-पुण्यतिथीला हार. मूर्तीचे दर्शन घ्यायचे, पुतळा पाहायचा.

ही रेघ इतकी ठळक असताना गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत एक तिसरीच वस्तू आपल्यात येऊन उभी राहिली आहे. संतांची, आचार्यांची, गीता सांगणाऱ्या श्रीकृष्णाची भव्य धातुशिल्पे आता बागांत, चौकांत आणि डोंगरमाथ्यांवर दिसतात. त्यांना मूर्ती म्हणावे, की पुतळा? वरवर हा शब्दांचा खेळ वाटेल. मला मात्र तो इतिहासाचा प्रश्न वाटतो, आणि तो कसा ते वाचकांपुढे मांडावे म्हणून हा लेखप्रपंच.

माझे बिऱ्हाड चाकणला. संग्रामदुर्गाच्या भिंतींवरून फिरंगोजी नरसाळ्याने १६६० साली शायिस्ताखानाला दोन महिन्यांच्या आसपास झुंजवले, ते हे चाकण. आज पुणे-नाशिक रस्त्यावरून येणाऱ्याला ते गाव दिसण्याआधी कारखान्यांच्या पत्र्यांची छपरे दिसतात. दक्षिणेला आळंदी, नैर्ऋत्येला देहू, आणि पश्चिमेला कारखान्यांच्या वस्तीला अगदी लागून भामचंद्राचा डोंगर. तुकोबांनी ज्या एकांतात बसून विठ्ठलाचे चिंतन केले तो हा डोंगर, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. तिकडे डोंगरात गुहा, इकडे पायथ्याशी पाळ्यांचे भोंगे, अशी ही आमची जागा. माझी नोकरी या पट्ट्यात ओतकामाच्या खात्यात झाली. साचा, मूस, भट्टी आणि वितळलेल्या धातूचा तो डोळे दिपवणारा रस यांच्या संगतीत उमेदीची वर्षे गेली. त्यामुळे कुठलाही पुतळा पाहिला की माझी नजर आधी त्याचे सांधे शोधते, आणि चेहऱ्याकडे मागाहून जाते. सवय जात नाही हेच खरे.

तेव्हा आधी धातूविषयीच चार शब्द सांगतो. ब्राँझ म्हणजे आपले कासे. तांब्यात कथील मिसळून होणारा मिश्रधातू. तळपायाला तूप लावून चोळायची काशाची वाटी ज्या घरात आहे, त्या घराला त्याची वेगळी ओळख करून द्यायला नको. कथीलही आपल्या ओळखीचे. कल्हईवाला पितळेच्या भांड्याला आतून जो चंदेरी मुलामा देत असे, तो त्याचाच. शुद्ध तांबे १०८५ अंश सेल्सियसला वितळते, आणि ओतताना त्यात हवेचे बुडबुडे धरून ते कारागिराला सतावते. त्यात थोडे कथील पडले की ते लवकर वितळते, साच्याच्या कानाकोपऱ्यात नीट शिरते आणि थंड झाल्यावर अधिक कठीण होते. पापणीची कड, नखाचा आकार, जानव्याचा पीळ असे बारकावे कासे जसेच्या तसे उचलते. शिल्पकारांनी पाच हजार वर्षे या धातूची कास सोडली नाही ती यामुळे.

आपल्या मुलखातही ही विद्या फार जुनी. अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद नावाचे ठिकाण आहे. तिथे १९७४ साली जमिनीतून चार शिल्पे निघाली: एक हत्ती, एक गेंडा, एक रेडा, आणि बैलजोडी जुंपलेला रथ हाकणारा माणूस. चारही भरीव, ओतीव, आणि चारांचे मिळून वजन साठ किलोंहून अधिक. त्यांच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद आहेत, पण ती किमान तीन हजार वर्षांपूर्वीची असावीत असे बहुतेकांचे मत. तो रथ हाकणारा उभा माणूस देव होता की माणूस होता हे आज कोण सांगणार? मूर्ती आणि पुतळा यांतली रेघ त्या लोकांच्या भाषेत होती की नव्हती, हेही त्या रथाबरोबर मातीत गेले.

ओतण्याची रीत मात्र लिहून ठेवणारा एक राजा आपल्या शेजारीच होऊन गेला. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर. त्याची राजधानी म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण; मराठी आणि कानडी जिथे एकाच बाजारात बोलल्या जातात असा हा मुलूख. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याने 'मानसोल्लास' हा प्रचंड संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या गातात याची नोंद ज्या ग्रंथात आहे तो हाच; म्हणून मराठी माणसाला त्याविषयी आपुलकी असते. याच ग्रंथात धातूची मूर्ती कशी ओतावी हेही सांगितले आहे. आधी मेणाची मूर्ती करावी. तिला पाठीशी, खांद्यांशी, मुकुटाशी धोतऱ्याच्या फुलासारख्या मेणाच्या नळ्या जोडाव्या. मातीत जळका कोंडा, बारीक कातरलेला कापूस आणि थोडे मीठ घालून ती पाट्यावर मऊ वाटावी आणि तिचे तीन लेप द्यावे. पहिला अगदी पातळ. लेप सावलीत वाळवावे. मग तापवून मेण काढून टाकावे आणि त्या पोकळीत धातूचा रस सोडावा.

ही रीत वाचताना मला कोण आनंद झाला म्हणून सांगू! कारण आज आमच्या धंद्यात ज्याला 'इन्व्हेस्टमेंट कास्टिंग' म्हणतात, त्याचा मूळ गाभा हाच आहे. मेणाचा नमुना, त्यावर मातीचे थरावर थर, उष्णतेने मेण बाहेर, आणि मोकळ्या झालेल्या जागेत धातू. झडपांचे, पंपांचे, यंत्रांचे बारीक नक्षीचे भाग असे ओतले जातात. सोमेश्वराच्या कारागिराला आमच्या खात्यात आणून उभे केले असते, तर भट्टीची आकडे दाखवणारी यंत्रे पाहून तो गोंधळला असता; पण मेणाच्या नळ्या पाहून म्हणाला असता, 'हां, हे आमचेच!'

आता या रीतीत एक बारीक भेद आहे, आणि आपल्या प्रश्नाचा निम्मा उलगडा मला वाटते तिथेच होतो. तंजावरकडचे स्वामीमलै हे गाव धातूच्या मूर्तींसाठी प्रसिद्ध आहे. तिथला स्थपती मूर्ती थेट मेणात घडवतो. मेण वितळले की मूळ नमुना गेला. साचा फोडला की साचाही गेला. हाती राहते ती एकच मूर्ती. तशीच दुसरी हवी असेल तर पुन्हा श्रीगणेशा. शिवाय तिथली परंपरागत मूर्ती भरीव असते. युरोपीय शिल्पकाराचा मार्ग वेगळा. तो मूळ शिल्प शाडूसारख्या मातीत करतो, त्यावरून प्लॅस्टरचा साचा घेतो, त्या साच्यातून मेणाची पातळ पोकळ प्रत काढतो आणि ती ओततो. साचा शाबूत राहतो, म्हणून एकाच शिल्पाच्या चार प्रती चार शहरांत उभ्या राहू शकतात. मूर्ती एकुलती एक आणि भरीव; पुतळा पोकळ आणि पुन्हा काढता येण्याजोगा. भाषेने ओढलेली रेघ कारागिरांच्या हातांनीही ओढली होती, ती अशी.

ही एकुलती एक मूर्ती किती सामर्थ्याची असते, याची साक्ष एका परक्याने दिली आहे. फ्रान्सचा जगद्विख्यात शिल्पकार ऑग्युस्त रोदँ याच्या हाती मद्रासच्या संग्रहालयातल्या नटराजाची छायाचित्रे आली. मूळ मूर्ती त्याने कधी पाहिली नाही, हिंदुस्थानात तो कधी आला नाही. पण १९१३ च्या सुमारास त्या छायाचित्रांवरून त्याने शिवाच्या नृत्यावर एक भारावलेला लेख लिहिला. तो त्याच्या मृत्यूनंतर, १९२१ साली छापून आला. ज्याने आयुष्यभर मानवी देह धातूत जिवंत केला, त्याला त्या मूर्तीत देहाचेच परमोच्च रूप दिसले. आपण जिला पूजेची वस्तू म्हणून हात जोडत होतो, तिच्याकडे जग कलेची वस्तू म्हणून पाहू लागले, त्या वळणावरचा तो लेख आहे. पुढे २००४ साली जिनिव्हाजवळच्या 'सर्न' या अणुविज्ञानाच्या संशोधनसंस्थेत भारत सरकारने दिलेला दोन मीटर उंचीचा नटराज उभा राहिला. २०२३ साली दिल्लीच्या भारत मंडपमपुढे २७ फुटांचा, सुमारे १८ टनांचा अष्टधातूचा नटराज बसला. तो स्वामीमलैच्याच स्थपतींनी मेणाच्या रीतीने ओतला. हे दोन्ही नटराज देवळात नाहीत. तेव्हा ते मूर्ती, की पुतळे? बघा, प्रश्न पुन्हा दाराशी आलाच.

आपल्याकडे पुतळा आला तो इंग्रजांबरोबर. राणी, युवराज, गव्हर्नर यांच्या प्रतिमा मुंबईच्या रस्त्यांवर उभ्या राहू लागल्या. त्यांतला एक ब्राँझचा होता: घोड्यावर बसलेला युवराज, पुढचा सातवा एडवर्ड. बोएम या शिल्पकाराने केलेला हा पुतळा १८७९ साली मुंबईत बसला. लोकांनी युवराजाकडे फारसे लक्ष दिले नाही. काळवंडलेल्या घोड्याकडे दिले, आणि त्या साऱ्या भागालाच 'काळा घोडा' म्हणू लागले. १९६५ साली पुतळा तिथून हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेला, तरी नाव राहिलेच. अखेर २०१७ साली त्या जागी एक नवा घोडा उभा राहिला; त्याच्या पाठीवर कुणीही नाही! राजे पुतळा उभारतात, पण त्याचा अर्थ लोक ठरवतात, हा धडा मुंबईने असा गंमतीने गिरवून दाखवला.

पण त्या परदेशी विद्येत आपला भाव ओतणारे मराठी हात लवकरच पुढे आले. १८९६ साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतल्या गणपतराव म्हात्रे या विशीतल्या विद्यार्थ्याने 'मंदिरपथगामिनी' हे शिल्प केले. ते प्लॅस्टरचे आहे, धातूचे नव्हे. तरी त्याचे नाव इथे घेतलेच पाहिजे. कारण त्यात देव नाही, देऊळ नाही. देवळाकडे निघालेली एक स्त्री आहे. तिच्या चालीतच तिची भक्ती आहे. देव न दाखवता देवाकडची वाट दाखवता येते, हे त्या तरुणाने ओळखले होते.

त्याच्या मागोमाग आले अलिबागजवळच्या सासवण्याचे विनायक पांडुरंग करमरकर. घरात गणपती घडवण्याची परंपरा. म्हणजे मूर्तिकाराचाच मुलगा! गावच्या देवळाच्या भिंतीवर त्याने काढलेले शिवाजीमहाराजांचे अश्वारूढ चित्र ऑटो रॉथफील्ड या कलेक्टराने पाहिले आणि मुलाला मुंबईच्या कलाशाळेत धाडले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. पुण्याच्या श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात आज जो अश्वारूढ पुतळा आहे तो याच करमरकरांनी घडवला. राजर्षी शाहू महाराजांच्या पुढाकाराने १९२१ साली त्याची कोनशिला बसली आणि १९२८ साली अनावरण झाले. भिंतीवर रेघोट्या ओढणाऱ्या पोराच्या मनातला घोडा मुंबईच्या भट्टीतून निघून आगगाडीने बोरघाट चढून पुण्यास आला. गणपतीच्या कारखान्यातून पुतळ्याच्या भट्टीपर्यंतची ही वाट एका माणसाने एका आयुष्यात चालून दाखवली.

शिवाजीमहाराजांची निदान समकालीन चित्रे आहेत. त्यांवरून नाक, दाढी, जिरेटोप यांचा अदमास बांधता येतो. संतांचे काय? ज्ञानेश्वरांनी १२९६ साली आळंदीला समाधी घेतली. तुकोबांचे प्रयाण १६५० चे. दोघांचेही त्यांच्या हयातीत समोर बसून काढलेले विश्वसनीय चित्र आपल्याजवळ नाही. मग तुकोबा म्हटले की तुमच्या-माझ्या डोळ्यांपुढे जो चेहरा उभा राहतो, तो कुणाचा? त्याचा पुष्कळसा भाग विष्णुपंत पग्निस यांचा आहे. पुण्याच्या प्रभात कंपनीने १९३६ साली 'संत तुकाराम' हा बोलपट काढला. दामले आणि फत्तेलाल हे त्याचे दिग्दर्शक, आणि दोघेही मुळात चित्रकलेच्या वाटेने आलेले. पग्निसांनी त्यात तुकोबांची भूमिका अशी वठवली की लोकांनी त्यांचे छायाचित्र तुकोबांचे चित्र म्हणून भिंतीवर लावले, त्याला हार घातले. पुढच्या पिढीतल्या कित्येक घरांत तुकोबा असेच आले. यात फसवणूक नव्हती. लोकांना एक चेहरा हवा होता. तो त्यांना एका गुणी नटात सापडला.

यातून एक गोष्ट माझ्या ध्यानी आली. ज्याचे चित्र नाही त्याचे शिल्प करणारा कलावंत हुबेहूबपणाच्या जबाबदारीतून सुटतो, पण त्याहून मोठ्या जबाबदारीत सापडतो. त्याला चरित्रातला एकच क्षण निवडायचा असतो. चरित्रकाराजवळ पाने असतात. एका पानावर संत रडला तरी पुढच्या पानावर त्याला हसवता येते. शिल्प म्हणजे एका पानाचे चरित्र. आणि ते पान उलटता येत नाही! चौकातून शाळेत जाणारे मूल रोज तेच पान वाचते, आणि मोठे होईतो ते त्याच्या लेखी सबंध चरित्र झालेले असते.

आमच्या पट्ट्यातलेच उदाहरण पाहा. निगडीला जुन्या पुणे-मुंबई रस्त्यालगत भक्ती-शक्ती नावाचा शिल्पसमूह आहे. तुकोबा आणि शिवाजीमहाराज यांची भेट हा त्याचा विषय. त्याच्यावरून चौकालाही तेच नाव पडले. २०१८ साली शेजारी १०७ मीटर उंचीचा ध्वजस्तंभ उभा राहिल्यापासून ही जागा लांबवरून ओळखू येते. आता इतिहासाच्या अंगाने पाहिले तर महाराजांचा जन्म १६३० चा आणि तुकोबांचे प्रयाण १६५० चे. म्हणजे भेट झाली असेल तेव्हा महाराज फार तर वीस वर्षांचे. राज्याभिषेकाला अजून चोवीस वर्षे अवकाश. ही भेट आपल्यापर्यंत आली ती संतचरित्रांच्या परंपरेतून. राजाने धाडलेला नजराणा तुकोबांनी परत केला, अशी तिची कथा. म्हणजे या कथेचे मर्म देण्याघेण्यात नाही, परत करण्यात आहे. सत्तेने पुढे केलेला हात विनयाने मागे सारणारा एक वाणी, आणि तो अपमान न मानता त्याच्या कीर्तनाला बसणारा एक तरुण. असा क्षण शिल्पात कसा दाखवायचा? दोघांना समोरासमोर उभे करण्यावाचून शिल्पकाराजवळ दुसरे साधन नाही. नाकारलेला नजराणा पाहणाऱ्याने मनात आणायचा. ज्याला कथा ठाऊक आहे त्याला तो दिसतो. ज्याला ठाऊक नाही, त्याला दोन थोर पुरुष दिसतात आणि तो पुढची बस पकडतो.

आषाढीच्या वारीत देहूची पालखी आकुर्डीच्या मुक्कामाला जाते, ती याच चौकातून. एका वर्षी मी तिथे उभा होतो. डोक्यावर तुळस घेतलेली एक म्हातारी रांगेतून बाजूला झाली, वहाणा काढल्या आणि लांबूनच त्या शिल्पाला दंडवत घातले. मी सहज म्हटले, "आजी, हा तर पुतळा आहे. तुकोबा मागे पालखीत आहेत." ती हसली. म्हणाली, "दादा, पालखीतला तुकोबा आज जातोय पंढरीला. ह्यो बिचारा बारा म्हैने उन्हात हुबा हाये. ह्याला कोन पाया पडनार?" एवढे बोलून ती दिंडीत मिसळूनही गेली. मूर्ती की पुतळा हा वाद तिच्यापुरता तिथेच मिटला होता. उन्हात उभ्या असलेल्याची तिला कणव आली होती. आणि ज्याची कणव येते, ज्याच्या उन्हापावसाची काळजी वाटते, त्याला आपल्याकडे पुतळा म्हणत नाहीत.

आता या प्रश्नाचे सर्वांत मोठे रूप पाहू. तेही एका मराठी माणसाच्या हातचे आहे. नर्मदेच्या तीरी ओंकारेश्वरला मांधाता पर्वतावर आद्य शंकराचार्यांची १०८ फूट उंचीची धातुप्रतिमा आहे. २१ सप्टेंबर २०२३ रोजी तिचे अनावरण झाले. तिचे शिल्पकार सोलापूरचे भगवान रामपुरे. मुंबईच्या शेअर बाजारापुढचा ब्राँझचा बैल ज्यांनी घडवला तेच हे. लक्ष्मीच्या दारातला बैल आणि 'हे सारे मिथ्या' सांगणारा संन्यासी, दोन्ही एकाच हातचे! प्रतिमेमागचे मूळ चित्र मुंबईचे चित्रकार वासुदेव कामत यांचे.

ही प्रतिमा पाहताना मला तिच्या उंचीहून तिच्या वयाचे अप्रूप वाटते. शंकराचार्य म्हटले की व्याघ्रासनावर बसलेले, भोवती शिष्य असलेले जगद्गुरू हे रूप आपल्या परिचयाचे. राजा रविवर्म्याने १९०४ साली काढलेल्या चित्रात तेच आहे. ओंकारेश्वरला उभा आहे तो बारा वर्षांचा मुलगा. केरळातल्या कालडीहून गुरूच्या शोधात निघालेला हा बालसंन्यासी नर्मदेकाठी आला आणि इथे त्याला गोविंद भगवत्पादांचे शिष्यत्व लाभले, अशी परंपरा आहे. पुढची भाष्ये, पुढचे दिग्विजय, पुढची पीठे यांतले अजून काहीच घडलेले नाही. इथे जे पान निवडले ते जगद्गुरूचे नाही, विद्यार्थ्याचे आहे. डोंगरावर येणाऱ्या सहावी-सातवीतल्या पोराला तो आपल्याच वयाचा दिसावा, यात मोठे मर्म आहे. त्यामागे चरित्राची समज आहे असे मी म्हणेन.

तरी एक शंका उरतेच. ब्रह्म निर्गुण, निराकार आहे असे ज्याने आयुष्यभर प्रतिपादले, त्यालाच १०८ फुटांचा आकार द्यावा, यात विसंगती नाही काय? मीही यावर पुष्कळ दिवस विचार केला. उत्तर मला ज्ञानोबांच्या एका आवडत्या दृष्टान्तात मिळाले. सोने आणि दागिना यांचा तो दृष्टान्त. दागिना म्हणून पाहिले तर कंकण वेगळे, हार वेगळा. सोने म्हणून पाहिले तर सारे एकच. ओतकामाच्या खात्यात हा वेदान्त रोज डोळ्यांपुढे घडत असे. काल फसलेला भाग आज मुशीत पडतो, वितळतो, आणि उद्या दुसऱ्या आकाराने बाहेर येतो. धातूला आकाराचा अभिमान नसतो. आकार घ्यायला त्याची हरकत नाही, टाकायलाही नाही. शंकराचार्यांनी स्वतः देवदेवतांची स्तोत्रे रचली असे परंपरा सांगते. तीत आणि त्यांच्या अद्वैतात तिला कधी भांडण दिसले नाही.

शिवाय या प्रतिमेच्या घडणीतही एक गोष्ट पाहण्याजोगी आहे. एवढे शिल्प एका ओतात होत नाही. आत पोलादाचा सांगाडा, आणि बाहेर तांबे, कथील, जस्त यांच्या मिश्रधातूचे सुटे सुटे तुकडे जोडून केलेले कवच. आत मोकळी जागा. निराकाराच्या उपासकाचा पुतळा आतून रिकामा आहे, ही शिल्पशास्त्राची सोय खरी. पण माझ्यासारख्या ओतकामाच्या माणसाला तीतून वेगळा अर्थ सुचल्यावाचून राहत नाही. साच्यातले मेण निघून गेले नाही, तर धातूला जागाच मिळत नाही. संतांच्या चरित्रातही हेच घडलेले दिसते. तुकोबांचे दुकान गेले, दुष्काळात घरची माणसे गेली, मानमरातबाचा लोभ गेला. भामचंद्रावर जाऊन बसले तेव्हा आत पुष्कळ जागा झाली होती. तिथे पुढे जे ओतले गेले ते आज पावणेचारशे वर्षांनंतरही तडकलेले नाही.

आता राहतो तो व्यवहाराचा भाग, आणि माझ्या मते खरा धोका तिथे आहे. पुतळा उभारायला ठराव लागतो, निधी लागतो, अनावरणाला पाहुणे लागतात. हे सारे मिळते. मूर्तीला मात्र रोज सकाळी उठून पाणी घालणारा माणूस लागतो, आणि तो ठरावाने मिळत नाही. उघड्यावरचे ब्राँझही हवेने, पावसाने, पाखरांनी कळकते. त्याच्यावर हिरवट थर चढतो, सांध्यांत पाणी मुरते, आतला लोखंडी आधार गंजतो. ते वेळोवेळी धुवावे, पुसावे, मेणाचा हात द्यावा, सांधे तपासावे असे त्यातले जाणकार सांगतात. म्हणजे ज्याला आपण पुतळा म्हणून मोकळे होतो, त्यालाही सेवा हवीच असते. उंचीची चढाओढ करताना या सेवेचा हिशेब कुणी मांडत नाही. एखादा संत १०० फुटांचा झाला म्हणून ५० फुटांच्या संताहून थोर होत नाही, पण त्याला धुवायला मात्र दुप्पट उंच शिडी लागते!

आणि दुसरी सेवा याहून अवघड. कथा सांगण्याची. निगडीच्या चौकात नाकारलेला नजराणा दिसायचा असेल तर घरात कुणीतरी तो सांगितलेला असला पाहिजे. ओंकारेश्वरचा मुलगा कुठून आला आणि कशासाठी आला, हे ठाऊक नसेल तर तो एक उंच मुलगा, इतकेच. धातू चेहरा सांभाळतो, वस्त्राच्या चुण्या सांभाळतो; गोष्ट सांभाळणे त्याच्या हातात नाही. ती आईच्या, आजीच्या, कीर्तनकाराच्या, शाळामास्तराच्या तोंडी असते. घरातल्या अन्नपूर्णेचे नाकडोळे झिजून गेले तरी ती अन्नपूर्णाच राहते, कारण तिची गोष्ट सांगणारे घर तिच्याभोवती असते. तेव्हा चौकातल्या धातूच्या संताला मूर्ती म्हणावे की पुतळा, याचे उत्तर शिल्पकाराला विचारून उपयोग नाही. त्याने त्याचे पान लिहून ठेवले आहे. ते वाचून दाखवायचे काम आपले.

या सुट्टीत मुलांना घेऊन आमच्या बाजूला आलात, तर आळंदी-देहूबरोबर निगडीच्या चौकातही थोडे थांबा. चार ओळींत ती नजराण्याची गोष्ट सांगा. मग मुले जो प्रश्न विचारतील तो ऐकून ठेवा. "तुकारामांनी ते परत का केलं?" असा तो बहुधा असेल. त्याचे उत्तर मात्र प्रत्येक घराने आपापले द्यायचे आहे.